मोगली : पुसू नये

कॅसेट हळूच पुढे सरकवा. अर्धी आत गेली की यंत्र ती तुमच्या हातातून स्वतःच ओढून घेतं. आतून खट्‌ खट्‌ असे दोन आवाज येतात, फीत डब्याबाहेर खेचली जाऊन फिरत्या हेडभोवती गुंडाळली जाते आणि पडद्यावर पांढऱ्या ठिपक्यांचा पाऊस सुरू होतो. मग चित्र उमटतं. दोनदा खाली घसरतं, तिसऱ्यांदा जागेवर बसतं. कॅसेटच्या कडेला चिकटवलेल्या लेबलावर निळ्या बॉलपेननं लिहिलेलं आहे : 'मोगली. पुसू नये.'

चित्र जागेवर बसताच तुम्हीही बसता, शहाबादी फरशीवर, मांडी घालून. गाव नागपूर, साल १९९३, रविवारची सकाळ.

व्हीसीआर मामाजींचा आहे. महालातल्या जुन्या वाड्यात त्यांच्या दोन खोल्या, आणि रविवारी त्यातल्या पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसते. वाड्यातले झाडून सगळे पोट्टे आलेले आहेत. दाराबाहेर चपलांचा ढीग पडला आहे. मामीनं पोहे केलेत, मामाजींनी कोपऱ्यावरच्या टपरीवरून चण्याची तर्री किटलीत भरून आणली आहे, आणि तिचा तिखट वास खोलीभर पसरलाय. केबल अजून वाड्यात पोचलेलं नाही. 'रंगोली'ची गाणी संपत आली आहेत. टीव्ही व्हिडिओकॉनचा, औरंगाबादला तयार झालेला, रंगीत. त्याच्या डोक्यावर मामीनं विणलेला क्रोशाचा रुमाल आणि रुमालावर चिनी मातीचं हरीण. हे हरीण दर रविवारी खाली उतरवून ठेवावं लागतं, कारण मागची वायर हलवताना ते पडतं.

आज चित्रात दोन-दोन सावल्या येत आहेत. धाकटे मामा गच्चीवर ॲन्टेनाचा पाइप धरून उभे आहेत आणि खिडकीतून ओरडायचं काम तुमच्याकडे आहे.

"आलं का?"

"आलं, आलं! थांबा… गेलं. थोडं अजून टॉवरकडं!"

टॉवर म्हणजे सेमिनरी हिल्सवरचा. पाइप बोटभर वळतो, सावल्या एकमेकींत मिसळतात, आणि खोलीतले सगळे एकदम 'बस्स!' म्हणतात. धाकटे मामा तसेच गच्चीवर थांबतात. वारा सुटला तर पुन्हा कोण चढणार? मालिका संपेपर्यंत ते तिथंच आहेत, हे लक्षात ठेवा. या कॅसेटवर जे काही स्पष्ट दिसतं, त्यात त्यांचा वाटा आहे.

ताई व्हीसीआरसमोर उकिडवी बसली आहे. रेकॉर्डिंगचं खातं तिच्याकडे. लाल बटण आणि प्ले ही दोन्ही एकदम दाबायची, नुसतं एक दाबून चालत नाही. तिचं बोट मग 'पॉज'वर जाऊन थांबतं आणि पुढचा अर्धा तास तिथून हलत नाही. जाहिरात लागली की दाबायचं, जाहिरात संपली की सोडायचं. फितीवर जागा मोजकीच. ई-१८० कॅसेट म्हणजे तीन तास, अडीचशे मीटरहून थोडी जास्त फीत, सेकंदाला अडीच सेंटिमीटरहूनही कमी सरकणारी. जाहिराती गाळल्या तर तीन तासांत सात भाग नीट बसतात. ताईनं हा हिशोब वहीच्या मागच्या पानावर मांडून ठेवलाय. कोरी कॅसेट महाग, आणि मामाजींनी ती फक्त दूरदर्शनवरच्या 'मोगली' या कार्टून मालिकेसाठी दिली आहे. ताईला याची पूर्ण जाणीव आहे.

'मोगली'चं गाणं सुरू झालं.

खोलीतला गलका एका क्षणात थांबतो, आणि दुसऱ्याच क्षणी सगळे गायला लागतात. शब्द गुलजारांचे, चाल विशाल भारद्वाज नावाच्या तरुण संगीतकाराची. 'माचिस' यायला अजून तीन वर्षं आहेत, त्यामुळे वाड्यात कोणालाही हे नाव ठाऊक नाही. गुलजार मात्र मामाजींना ठाऊक आहेत, आणि एवढा मोठा कवी चड्डीतल्या पोराचं गाणं लिहितो याचं त्यांना मनापासून कौतुक आहे. लहान मुलांसाठी लिहिताना शब्द खाली वाकवावे लागत नाहीत, हे त्या गाण्यानं आमच्या पिढीला न सांगता शिकवलं. बालगीत म्हणून कोणी ते हातात दिलं नाही. ते टीव्हीतून आलं, आणि त्याच दिवशी शाळेच्या मैदानात, रिक्षात, आंघोळीच्या मोरीत शिरलं.

आता पडदा नीट बघा. मोगली धावतोय. केस पाठीवर, हातात बूमरँग. सोबत लाल पांडाचं पिल्लू. सिवनीच्या जंगलात लाल पांडा कुठून आला? तो पूर्व हिमालयातला प्राणी, सातपुड्यात तो कधीच नव्हता. बूमरँगही आपण ऑस्ट्रेलियाचं म्हणून ओळखतो. पण तुम्ही आत्ता जेमतेम दुसरी-तिसरीत आहात, आणि हे प्रश्न तुम्हाला पडलेले नाहीत. तुम्हाला पडलेला प्रश्न एकच : बूमरँग फेकल्यावर परत कसं येतं? पुढच्या रविवारपर्यंत तुम्ही सुताराकडून प्लायवुडचा तुकडा आणणार आहात, त्याला कोनात कापून घेणार आहात, काचपेपरनं घासणार आहात. ते परत येणार नाही. शेजारच्यांच्या कौलांवर जाऊन बसेल, आणि धाकटे मामा पुन्हा एकदा वर चढतील. बूमरँगच्या दोन्ही पात्यांना विमानाच्या पंखासारखा एका बाजूनं फुगवटा लागतो, आणि ते आडवं न फेकता जवळजवळ उभं धरून, गिरकी देत फेकावं लागतं. मग वरच्या आणि खालच्या पात्यावर हवेचा दाब कमीजास्त होतो आणि ते वळत जातं. हे तुम्हाला अकरावीच्या फिजिक्समध्ये समजेल, आणि समजल्या समजल्या तुमच्या डोळ्यांपुढे मोगलीचा हात येईल.

गवत हलतं. संगीत खाली उतरतं. शेरखान बोलतो.

"अरे, हा तर आपला नाना!" मामाजी दर रविवारी हे म्हणतात. मुरूड-जंजिऱ्याचा नाना पाटेकर. मामाजींनी त्याचं 'पुरुष' नाटक पाहिलंय, 'प्रहार' थेटरात दोनदा पाहिलाय, आणि त्याचा आवाज ते झोपेतसुद्धा ओळखतील. हिंदीत बोलणारा तो वाघ खोलीतल्या प्रत्येकाला आपल्या ओळखीचा वाटतो. नाना घाई करत नाही. वाक्य तोडतो, मधे थांबतो, मग शेवटचा शब्द दातांखाली धरल्यागत सोडतो. कार्टूनमधल्या खलनायकानं ओरडायचं असतं अशी एक समजूत असते. या शेरखानला ओरडायची गरज पडत नाही, आणि म्हणूनच तो हललेल्या गवताआडसुद्धा दिसतो. माझ्या मते हिंदी डबिंगच्या इतिहासात इतकं चपखल काम फार थोड्यांनी केलं असेल. पाच वर्षांच्या मुलीला खरी भीती वाटावी आणि तरी तिनं डोळे झाकू नयेत, हे त्या आवाजानं साधलं.

भाग संपतो. ताई स्टॉप दाबते. कॅसेट बाहेर येते तेव्हा ती हाताला कोमट लागते.

आता उन्हाळ्याच्या सुटीत चला. मे महिना, बाहेर पंचेचाळीसची उष्णता, कूलरच्या वाळ्याच्या पडद्यांवर पाणी टाकलंय. दुपारी कोणालाही घराबाहेर सोडत नाहीत. अशा दुपारी कॅसेट पुन्हा लागते. पुन्हा आणि पुन्हा. दूरदर्शननं जी गोष्ट एकदा दाखवून पुढे नेली, ती आता तुमच्या हातात आहे. तुम्ही ती थांबवू शकता. शेरखान झेप घेतो तिथं ताई 'पॉज' दाबते. वाघ हवेत लटकतो, थरथरत. सगळे जवळ जाऊन बघतात. त्याचा नारिंगी रंग रेषेबाहेर थोडा सांडलेला दिसतो, कारण व्हीएचएस फितीवर रंगाला जागा कमी असते आणि लाल-नारिंगी छटा सगळ्यात आधी पसरते. शेवटी कोणीतरी काच पुसतं, तरी रंग आत जात नाही.

त्या थांबलेल्या वाघाच्या मागे काय चाललंय तेही बघा. फीत जागेवर उभी आहे, पण हेडचा ड्रम फिरतोच आहे, सेकंदाला पंचवीस फेरे. प्रत्येक फेऱ्याला हेड त्याच एका चिंचोळ्या पट्ट्यावरून घासत जातं. चुंबकीय भुकटीचा अगदी बारीक थर तिथून सुटत राहतो. म्हणून काही मिनिटांनी बहुतेक यंत्रं आपणहून पॉज सोडून देतात. ताई मात्र पुन्हा दाबते. पोट्टे म्हणतात, "अजून एकदा, ताई!"

तीस वर्षांनी हीच कॅसेट लावल्यावर काय दिसतं? मोगली आणि लांडग्यांचा म्होरक्या अकेला यांच्या शांत संवादांचे भाग जवळजवळ नवे आहेत. गाणं खरवडलेलं. शेरखानच्या झेपेवर तर पांढऱ्या रेघांचं वादळ, वाघ नावालाच शिल्लक. फीत सगळीकडे सारखी झिजत नाही. तुम्ही जिथं थांबलात, जिथून परत मागे गेलात, जे पाहुण्यांना मुद्दाम दाखवलंत, तिथं ती झिजते. मालिकेच्या कुठल्याही देखण्या, स्वच्छ प्रतीत ही माहिती नसते. तुमच्या वाड्यातल्या मुलांचा जीव या सात भागांत नेमका कुठं अडकला होता, याची नोंद फक्त या एका फितीवर आहे, आणि ती तुमच्याच हातांनी झाली आहे.

ताईच्या बोटानं केलेल्या नोंदीही आहेतच. ती कधी कधी अर्धा सेकंद उशीर करते. मग मोगली झाडावरून उडी मारता मारता एका साबणाच्या वडीचा कोपरा चमकून जातो, एका स्कूटरचं पुढचं चाक, कोणातरी बाईचं हसणं, आणि पुन्हा जंगल. जिथं पॉज सोडला तिथं चित्र क्षणभर वाकडं होतं, वरच्या कडेला इंद्रधनुषी पट्टा येतो. लहानपणी या चुकांवरून आपण ताईला किती छळलं! आज मात्र त्या अर्ध्या सेकंदाच्या जाहिरातींपाशीच सगळे ओरडतात, "मागे घे, मागे घे, ती स्कूटर कोणती होती?"

पाचव्या भागाच्या शेवटी जरा थांबा. तिथं ताईनं स्टॉप दाबलेला नाही.

नामावली संपते, आणि फीत चालूच राहते. बातम्या लागतात. पडलेली घरं, दगडमातीचे ढिगारे, ढिगाऱ्यावर उभी राहून हातांनी दगड उपसणारी माणसं. किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक दमून झोपलेले, आणि लातूर-उस्मानाबादची गावंच्या गावं झोपेतच गाडली गेली. हजारो माणसं. दगडाच्या जाड भिंती आणि त्यांवर मातीचं जड धाब्याचं छत. थंडी-उन्हाला चांगली ती घरं भूकंपात सगळ्यांत घातक ठरली. तुम्ही खोलीत आहात आणि कोणी बोलत नाही. मामाजींनी ताईला हातानंच 'राहू दे' अशी खूण केली आहे. पोट्टे उठायचे थांबलेत. त्याच दुपारी वाड्याच्या मधल्या चौकात सतरंजी पसरली जाते आणि घराघरांतून धोतरं, लुगडी, चादरी, पायलीनं मोजलेली ज्वारी तिथं येऊन पडते. तुम्ही तुमचा स्वेटर नेऊन ठेवता. तो तुम्हाला आवडायचा.

बातम्यांवर पुढचा भाग एकदम आदळतो, गाण्याच्या मधूनच. सातवा भाग त्यामुळे शेवटी अर्धाच राहिला. ताईचा हिशोब चुकला, पण ती बातमी पुसून वर मालिका घेऊ, असं तिनं पुढे कधीही सुचवलं नाही. 'पुसू नये' हे लेबल तिनं त्याच आठवड्यात लावलं.

रिवाइंडचं बटण दाबून धरा. व्हीसीआरच्या आत घरघर वाढत जाते. वाडा मागे पडतो, चार वर्षं मागे. टोकियो, १९८९. निप्पॉन ॲनिमेशनच्या कारखान्यात लांब टेबलांवर माणसं ओणवी झालेली. पारदर्शक शीटवर पुढच्या बाजूनं रेषा, मागच्या बाजूनं रंग. रेषेवर रंग चढू नये म्हणून ही उलटी रीत. दिग्दर्शक फुमिओ कुरोकावा. ऑक्टोबर १९८९ ते ऑक्टोबर १९९०, बावन्न भाग, दर आठवड्याला एक. भारताचं जंगल त्यांना कामचलाऊ पार्श्वभूमी म्हणून रंगवायचं नव्हतं, हे झाडांच्या सावल्यांवरूनच कळतं. काळा बिबट्या बघीरा मूळ पुस्तकात नर आहे. या मंडळींनी तिला मादी केलं, आणि मोगलीला लांडगीण आईबरोबर आणखी एक माउली मिळाली. मला हा बदल पुस्तकापेक्षाही आवडतो. बघीराच्या रागावण्यात जी काळजी आहे, ती त्यातूनच आली.

आणखी मागे. १८९२, अमेरिकेतलं व्हरमाँट, गुडघाभर बर्फ. एक सव्वीस वर्षांचा माणूस छोट्याशा भाड्याच्या घरात बसून वैनगंगेकाठचं रान लिहितोय. तिथं तो गेलेला नाही. त्याच्याजवळ स्टर्नडेल या इंग्रज अधिकाऱ्याचं सिवनीवरचं पुस्तक आहे, ऐकीव गोष्टी आहेत, आणि मुंबई आहे. रुडयार्ड किपलिंग ३० डिसेंबर १८६५ रोजी मुंबईत जन्मला, जे. जे. कला महाविद्यालयाच्या आवारात; त्याचे वडील तिथं शिल्पकला शिकवत. वयाच्या सहाव्या वर्षी त्याला इंग्लंडला परक्यांच्या घरी ठेवलं. माणसांत वाढूनही आपल्या माणसांत नसलेलं पोर म्हणजे काय, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. साम्राज्याबद्दलचे त्याचे विचार आपल्याला पटणारे नाहीत आणि पटू नयेत. 'द जंगल बुक' मात्र १८९४ मध्ये आलं आणि ज्या कळपाला मोगली सापडला त्या कळपासाठी त्यानं नकाशावर असलेलं खरं गाव निवडलं.

आणि ते गाव तुमच्या वाड्यापासून एसटीच्या अंतरावर आहे.

म्हणून रिवाइंड सोडा आणि पुन्हा नव्वदच्या दशकात उतरा, या वेळी गणेशपेठच्या बसस्थानकावर. जबलपूरकडे जाणारी गाडी. बाबा कामासाठी सिवनीला निघालेत आणि तुम्ही हट्ट करून सोबत आला आहात, कारण सिवनी हा शब्द तुम्ही टीव्हीवर ऐकला आहे. कामठी, कन्हान, मनसर. मनसरला रामटेकचा फाटा लागतो. देवलापार गेलं की दोन्ही बाजूंनी साग दाटू लागतो, मधेच मोह, तेंदूची झुडपं, आणि काचेला नाक लावून बसलेले तुम्ही. खवासाला राज्याची हद्द संपते. जंगलाला ती हद्द माहीत नाही. पेंचचं जंगल दोन्हीकडे आहे, काही आपल्या नागपूर जिल्ह्यात आणि उरलेलं मध्य प्रदेशात. रस्त्याकडेनं वानरं बसलेली दिसतात आणि तुम्ही बाबांचा शर्ट ओढता. बाबा म्हणतात, "अरे, वानरं आहेत ती. काऊन ओढून राहिला?" तुम्हाला ठाऊक आहे की ती मोगलीच्या गोष्टीतली बंदर-लोग आहेत, पण बाबांना कसं समजवावं?

सिवनी म्हणजे धुळीचा रस्ता, चहाची टपरी, कचेरी. मोगली कुठंच नाही. तरी परतीच्या वाटेवर, अंधारात, बसच्या दिव्यांच्या झोतात दोन डोळे चमकतात आणि विझतात. रानमांजर असेल, कोल्हा असेल. पुढे कित्येक वर्षं तुम्ही ते डोळे कोणाचे होते हे कोणाला सांगितलं नाही.

त्या रस्त्याचं पुढे काय झालं तेही बघून घ्या. तो चौपदरी झाला. जंगल मधोमध चिरलं जाणार म्हणून लोक न्यायालयात गेले, वर्षानुवर्षं वाद चालले, आणि अखेर महाराष्ट्राच्या बाजूला नऊ ठिकाणी रस्ताच उचलून खालून जनावरांना वाट ठेवण्यात आली. भारतीय वन्यजीव संस्थेनं तिथं कॅमेरे लावले. वरून ट्रक जाताहेत आणि खालून वाघ चालला आहे, अशी छायाचित्रं त्यांत निघाली. रानकुत्रे जातात, गवे जातात, चितळ जातात. बघीराचंही सांगून टाकतो : २०१८ च्या मे महिन्यात चंद्रपूरच्या ताडोबात पर्यटकांना काळा बिबट्या पाणवठ्यावर दिसला आणि त्याची छायाचित्रं देशभर छापून आली. आणि वैनगंगा, सिवनी जिल्ह्यात उगम पावणारी, बालाघाटातून भंडाऱ्यात उतरून पवनीच्या घाटांना लागून गडचिरोलीकडे जाणारी. मोगलीच्या गोष्टीतली नदी विदर्भातल्या हजारो शेतांना पाणी पाजते. टोकियोच्या चित्रकारांनी जे न पाहता रंगवलं, व्हरमाँटमध्ये जे न पाहता लिहिलं गेलं, ते तुमच्या घराच्या उत्तरेला कायम होतंच.

आता फास्ट फॉरवर्ड.

एप्रिल २०१६. मल्टिप्लेक्स. तुमच्या मांडीला मांडी लावून तुमचं मूल बसलंय. डिस्नेचा नवा 'जंगल बुक', हिंदीत. बल्लू अस्वलाला आवाज इरफान खानचा, बघीराला ओम पुरीचा, 'का' या अजगराला प्रियांका चोप्राचा. आणि गवत हलतं, संगीत खाली उतरतं, शेरखान बोलतो. नानाच. तेवीस वर्षांनी तोच वाघ, आवाज थोडा अधिक खरखरीत. थेटरातल्या मोठ्या माणसांनी एकदम श्वास आत घेतला आणि मुलांना कळेना की आईबाबांना झालं काय. जुनं गाणंही त्या वेळी गुलजार आणि विशाल यांनी पुन्हा ध्वनिमुद्रित केलं. ज्यानं कोणी हे ठरवलं त्याला कॅसेटवाल्या मुलांची नस सापडली होती.

त्याच वर्षीच्या जुलैत जपानच्या फुनाई कंपनीनं व्हीसीआर बनवणं थांबवलं. तो बनवणारी ती शेवटची कंपनी होती. त्यानंतर जगात जेवढे व्हीसीआर चालतात ते सगळे जुने, आणि दर वर्षी त्यांतले काही कायमचे बंद पडतात. दुरुस्त करणारे हात तर त्याहून वेगानं कमी होत आहेत.

मालिकेची परदेशी आवृत्ती तुम्हाला डिस्कवर मिळू शकते. चित्र लख्ख, रंग रेषेच्या आत, शेरखानच्या झेपेतला केस न्‌ केस वेगळा. लावून बघा, आनंद होईल. पण तिथं गाणं दुसरं आहे. वाघ परका आहे. खोलीत तर्रीचा वास नाही, साबणाची वडी चमकत नाही, किल्लारी नाही. चित्रकारांनी काय काढलं ते कळायला डिस्क चांगली. ती मालिका आपल्याकडे कशी पोचली, कोणी कोणासोबत बसून पाहिली, त्या आठवड्यात महाराष्ट्रावर काय ओढवलं होतं, हे कळायला मामाजींची कॅसेट. माझ्या लेखी खरी प्रत दुसरीच, आणि ती जगात एकच आहे. तुमच्या माळ्यावरचीही एकच आहे.

म्हणून वाचणाऱ्यांना कळकळीची विनंती. माळ्यावर, ट्रंकेत, देव्हाऱ्याखालच्या कपाटात कॅसेट असतील तर या महिन्यातच खाली काढा. पत्र्याखालच्या माळ्याची उष्णता आणि पावसाळ्यातली ओल ही दोन्ही फितीची वैरी आहेत. काचेच्या खिडकीतून आत बघा. पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट यंत्रात घालू नका, बुरशी हेडवर बसते आणि पुढची प्रत्येक कॅसेट नासवते. ती जाणकाराकडे द्या. बाकीच्या पुस्तकासारख्या उभ्या ठेवा, स्पीकरपासून दूर. मागच्या कडेची छोटी प्लास्टिकची पट्टी शाबूत असेल तर आजच मोडा, म्हणजे चुकून त्यावर दुसरं काही रेकॉर्ड होणार नाही. लेबलाचा फोटो काढून ठेवा, अक्षर कोणाचं आहे ते लिहून ठेवा, आणि ते अक्षर काढणारं माणूस हयात असेल तर त्याला फोन करा. मग चालू स्थितीतला व्हीसीआर असलेला माणूस गाठा आणि सगळं संगणकावर उतरवून घ्या. पैसे देताना त्याला एक गोष्ट बजावून सांगा : फीत पहिल्या इंचापासून शेवटच्या इंचापर्यंत जशी आहे तशी उतरव, आणि जाहिराती कापू नकोस.